मुक्काम कुठं होता?

आमच्या क्यू गार्डन्सच्या इमारतीत समोरच्या घरात नेमकी किती माणसं राहतात, ते मला दोन वर्षं समजलं नव्हतं. पहाटे साडेतीनला ते दार उघडायचं, भर दुपारी उघडायचं, रात्री एकला उघडायचं. फरशीवरून चाकांच्या बॅगांची घरघर यायची, लिफ्ट वाजायची आणि पुन्हा सामसूम. चेहरे दर वेळी वेगळे. कपडे तेच: काळी पँट, पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या.

हा न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला भाग. एका बाजूला लाग्वार्डिया विमानतळ, दुसऱ्या बाजूला केनेडी, आणि मध्ये विटांच्या जुन्या इमारती. विमानात काम करणारी इतकी माणसं इथं राहत आली आहेत की लोक या भागाला ‘क्रू गार्डन्स’ही म्हणतात. समोरचं घर म्हणजे क्रॅशपॅड होतं. थकून कुठंही अंग टाकण्याला इकडे क्रॅश होणं म्हणतात, त्यावरून हा शब्द. दोन खोल्यांत बंक बेड लावायचे, दहा-बारा जणांनी मिळून भाडं भरायचं, आणि ज्या रात्री ज्याला गरज पडेल त्यानं येऊन झोपायचं. पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

२००८ च्या हिवाळ्यातली गोष्ट. मुलगा तेव्हा सात महिन्यांचा. त्याचे कपडे धुवायला मी रात्री दोनला तळघरातल्या लॉन्ड्रीत उतरले, तर तिथं ड्रायरला पाठ टेकून एक मुलगी बसलेली. पंचविशीची असेल. मांडीवर प्लॅस्टिकचा डबा, झाकणावर मार्करनं लिहिलेलं तिचं नाव. डब्यात एक चादर, उशीचा अभ्रा, कानात घालायचे बोळे, आणि झिपच्या पिशवीत जपून ठेवलेल्या खांद्याच्या दोन पट्ट्या, तीन-तीन सोनेरी रेघांच्या. म्हणजे सहवैमानिक. मी विचारलं, एवढ्या रात्री धुणं? तर म्हणाली, वरचा बंक अजून रिकामा व्हायचाय. त्यावर झोपलेला माणूस साडेतीनला ड्यूटीवर जाणार, मग ती झोपणार. तोवर चादर वाळेल. चादर ज्याची त्याची, गादी सगळ्यांची.

तिचं नाव आणि तिच्या कंपनीचं नाव मी इथं लिहीत नाही. मी वरून खिचडी आणून दिली, ती तिनं उभ्याउभ्या खाल्ली. छोटी विमानं चालवणारी, आतल्या गावांना जोडणारी प्रादेशिक कंपनी होती तिची. ती राहायची ओहायोत, आईवडिलांकडे. ड्यूटी न्यूयॉर्कहून. कामावर यायचं तेच मुळी विमानानं, तेही जागा उरली तर. जागा मिळाली नाही आणि ड्यूटी चुकली तर नोकरीवर बेतणार, म्हणून आदल्या रात्रीच येऊन राहायचं. न्यूयॉर्कमध्ये खोली घ्यावी एवढा पगार नाही. पगार मोजायचा तोही विमानाचं दार लागून ते जागचं हललं की. धुक्यात, बर्फात विमानतळावर चार तास ताटकळले तरी ते चार तास हिशोबात धरायचे नाहीत. रिझर्व्हवर, म्हणजे बोलावणं आलं की निघायच्या तयारीत, असली की अंघोळीला जातानाही फोन बेसिनवर ठेवायचा. मी म्हटलं, आजारी पडलीस तर? ती जरा थांबून म्हणाली, “पडायचं कुठे?”

हे शेवटचं वाक्य माझ्या लक्षात राहिलं, कारण मी ड्रायव्हरची मुलगी आहे.

आमचे आण्णा सातारा जिल्ह्यात प्रवासी गाडीवर ड्रायव्हर होते. कोयनेच्या खोऱ्यातली मुक्कामाची गाडी बरीच वर्षं त्यांच्याकडे होती. ही गाडी रात्री साडेनऊला शेवटच्या गावात पोचायची आणि पहाटे पाचला तिथूनच परत निघायची. मधली रात्र ड्रायव्हर-कंडक्टरनं कुठं काढायची, ते ज्याचं त्यानं बघायचं. कुणी ओसरी दिली तर ओसरीवर, देवळात जागा असली तर देवळात, नाहीतर गाडीतल्याच मागच्या लांब सीटवर, डोक्याखाली पिशवी घेऊन. पावसाळ्यात तिकडं रात्रभर छपरावर ताशे वाजल्यासारखा पाऊस. आण्णा घरी आले की डोळे लाल असायचे. आई त्यांना काही न बोलता आधी पाणी द्यायची आणि आम्हाला बाहेर खेळायला पिटाळायची. दुपारभर आमच्या घरात भांडंसुद्धा वाजत नसे. त्या झोपेवर चाळीस-पन्नास माणसांचे जीव आहेत, हे आईनं आम्हाला कधी समजावून सांगितलं नाही. ते आमच्या घरात असंच माहीत होतं.

कुठं अपघात झाला की लोक ब्रेक विचारायचे, वेग विचारायचे, वळण विचारायचे. आण्णा एवढंच विचारायचे, “त्याचा मुक्काम कुठं होता?”

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कहून बफेलोला निघालेलं विमान पडलं. दुसऱ्या दिवशी आण्णांचा फोन आला.

“तुमच्याकडं विमान पडलं म्हणं.”

“हो आण्णा. बर्फाची हवा होती.”

“ते असू दे. ड्रायव्हरचा मुक्काम कुठं होता?”

मला तेव्हा माहीत नव्हतं. दोनच गोष्टी माहीत होत्या. एक म्हणजे समोरच्या घराचं दार त्या दिवशी नेहमीसारखंच उघडत-मिटत होतं. दुसरं म्हणजे ते विमान त्या मुलीच्या कंपनीचं नव्हतं.

तिकिटावर कॉन्टिनेंटल कनेक्शन असं मोठ्या कंपनीचं नाव होतं. विमान चालवत होती कोलगन एअर नावाची प्रादेशिक कंपनी. पन्नासेक मिनिटांचा प्रवास, दोन पंख्यांचं क्यू-४०० जातीचं विमान. विमानातले सगळे ४९ जण गेले, आणि क्लॅरेन्स सेंटर गावातल्या ज्या घरावर ते पडलं त्या घरातला एक माणूस. एकूण ५०. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात नवरा गमावलेल्या आणि नंतर त्या कुटुंबांसाठी झटणाऱ्या बेव्हर्ली एकर्ट त्यात होत्या. रवांडातल्या नरसंहाराचा इतिहास नोंदवणाऱ्या ॲलिसन दे फोर्ज होत्या.

आण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मिळायला मे महिना उजाडला. वॉशिंग्टनला एनटीएसबी या अपघात-तपास मंडळाची जाहीर सुनावणी झाली आणि कॉकपिटमधलं बोलणं कागदावर आलं. मी ते कागद रात्री मुलाला झोपवून वाचले.

सहवैमानिक २४ वर्षांची होती. ती नवऱ्याबरोबर सिॲटलजवळ आईवडिलांकडे राहायची, म्हणजे अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला. आदल्या रात्री मालवाहू विमानात बसून ती मेम्फिसला आली, तिथं मध्यरात्री विमान बदललं आणि सकाळी साडेसहाच्या सुमारास नेवार्कला उतरली. मग क्रूच्या खोलीत बसल्या जागी जमेल तेवढी विश्रांती. कॅप्टन फ्लोरिडाचा. नेवार्कला त्याची राहायची सोय नव्हती, त्यानंही ती रात्र क्रूच्या खोलीतच काढली होती. पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी तो कंपनीच्या संगणकावर लॉग-इन झाल्याची नोंद आहे. त्या खोलीत रात्री झोपायला कंपनीची परवानगी नव्हती, पण नेवार्कच्या तळावरचे सुमारे दोन तृतीयांश वैमानिक बाहेरगावाहून येणारे होते. एवढी माणसं रात्री जातात कुठं, असं कुणाच्या तरी मनात आलं असेलच ना?

या सहवैमानिक मुलीला सर्दी झाली होती. टेपवर तिच्या शिंका आहेत, जांभया आहेत. विमान उडण्याआधी ती कॅप्टनला सांगते की घरी असताना असं वाटलं असतं तर मी आलेच नसते. पण आता इथं येऊन सुट्टी टाकायची तर बरं होईस्तोवर हॉटेलचं भाडं खिशातून भरावं लागेल. हे वाचलं आणि तळघरातला तो ड्रायर, ती खिचडीची वाटी आणि “पडायचं कुठे?” हे दोन शब्द जसेच्या तसे आठवले. वेगळी मुलगी, वेगळी कंपनी. बोलणं एकच.

तिच्या पगाराचा वर्षाला १६ हजार डॉलरच्या आसपासचा आकडा सुनावणीत आला. कंपनीनं नंतर तो २४ हजारांच्या घरात असल्याचं सांगितलं. तो खरा धरला तरी त्या पगारात नेवार्कच्या आसपास संसार मांडता येत नाही, हे इथं राहणाऱ्या कुणालाही विचारा.

आता त्या शेवटच्या मिनिटांबद्दल. वाऱ्यामुळे विमान दोन तास उशिरा उडालं होतं. बफेलो जवळ आलं तसा वेग कमी होत गेला, दोघांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याआधी काही मिनिटं पंखांवरचा बर्फ बघून ती म्हणत होती की असा बर्फ मी कधी अनुभवलेला नाही. दहा हजार फुटांखाली कामाशिवाय बोलायचं नसतं, तो नियम दोघांनी पाळला नाही. मग कॅप्टनच्या हातातला दांडा थडथडायला लागला. वेग फार कमी झाला, पंख आता विमान धरून ठेवणार नाहीत, याचा तो इशारा असतो. अशा वेळी नाक खाली करायचं आणि इंजिनाला ताकद द्यायची, हे वैमानिकाला अगदी सुरुवातीला शिकवतात. कॅप्टननं दांडा आपल्याकडे ओढला. नाक वर गेलं, उरलासुरला वेगही गेला. विमानाच्या यंत्रणेनं आपण होऊन नाक खाली ढकलायचा प्रयत्न केला, तेव्हाही तो ओढतच राहिला. कमी वेगातही विमान पेलून धरायला पंखांच्या मागच्या कडेला बाहेर काढतात ते फ्लॅप्स तिनं न सांगता आत घेतले. इशारा मिळाल्यापासून जमिनीवर आदळेपर्यंत २७ सेकंद.

मंडळानं अपघाताचं कारण लिहिलं ते कॅप्टनची ही चूक. ते खोटं नाही. याआधी तो काही चाचण्यांत नापास झाला होता, नाक खाली ढकलणाऱ्या त्या यंत्रणेचा सराव त्याला सिम्युलेटरमध्ये दिलेला नव्हता, हेही अहवालात आहे. पण थकव्याचं काय? मंडळानं म्हटलं की थकव्यानं दोघांच्या कामावर बहुधा परिणाम झाला होता, मात्र तो किती झाला आणि अपघाताला कितपत कारण ठरला हे ठामपणे सांगता येत नाही. म्हणून कारणांच्या यादीत थकवा नाही. मंडळाच्या अध्यक्ष डेबोरा हर्समन यांना ते पटलं नाही. थकवा हा अपघाताला हातभार लावणारा घटक म्हणून लिहायलाच हवा, असं वेगळं निवेदन त्यांनी अहवालाला जोडलं. बाकीचे सदस्य त्यांच्याशी सहमत झाले नाहीत.

मी याबाबतीत पूर्णपणे हर्समनबाईंच्या बाजूची आहे. दारू रक्तात मोजता येते, झोप मोजता येत नाही. मोडलेला नटबोल्ट ढिगाऱ्यातून उचलून टेबलावर ठेवता येतो. न झालेली झोप कुठून उचलून आणणार? मोजता आली नाही म्हणून ती यादीतून गळाली, आणि यादीत नाही म्हणून पुढच्या माणसाला “थकवा हे कारण कुठं सिद्ध झालंय?” असं विचारायची सोय झाली.

हे सगळं एका कंपनीच्या वाईटपणामुळे झालं असंही नाही. २००१ नंतर मोठ्या अमेरिकन विमान कंपन्या एकामागून एक दिवाळखोरीत गेल्या. छोट्या गावांच्या फेऱ्या त्यांनी प्रादेशिक कंपन्यांना कंत्राटानं दिल्या, आणि त्या काळात देशातल्या जवळजवळ निम्म्या फेऱ्या अशा कंपन्या उडवत होत्या. विमानावर रंग मोठ्या कंपनीचा, तिकीट मोठ्या कंपनीचं, फेरीमागे ठरलेले पैसे छोटीला. जी स्वस्तात उडवेल तिला कंत्राट. इंधनाचा भाव हातात नाही, विमानाचा हप्ता हातात नाही. मग कमी करायला हातात राहतं काय, तर माणसाचा पगार आणि त्याची रात्र. बरं, मोठ्या कंपन्यांतही चित्र फार वेगळं नव्हतं. या अपघाताच्या महिनाभर आधी हडसन नदीत विमान सुखरूप उतरवणारे कॅप्टन चेस्ली सलनबर्गर अपघातानंतर बाराव्या दिवशी संसदेच्या समितीपुढे बसले. आपला पगार ४० टक्क्यांनी कापला गेला, पेन्शन गेली, हे त्यांनी तिथं सांगितलं. सारा देश ज्याला डोक्यावर घेऊन नाचत होता, त्या माणसाला हे सांगावं लागलं.

मेलेल्यांच्या घरच्यांनी मात्र पिच्छा सोडला नाही. लाल कपडे घालून ते वॉशिंग्टनला येत राहिले, सुनावणीत बसत राहिले, खासदारांची दारं ठोठावत राहिले. १ ऑगस्ट २०१० ला कायदा झाला. तिकीट विकताना विमान प्रत्यक्षात कोण चालवणार ते आधी सांगायचं. सहवैमानिकालाही साधारण १५०० तासांचा अनुभव हवा. आणि ४ जानेवारी २०१४ पासून विश्रांतीचे नवे नियम लागू झाले: दोन ड्यूट्यांमध्ये किमान १० तास, त्यात सलग ८ तास झोपायला मिळतील अशी व्यवस्था. त्या अपघातानंतर जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनजवळ प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टरची टक्कर होईपर्यंत, जवळपास १६ वर्षं, अमेरिकन प्रवासी कंपनीचं एवढी माणसं गेलेलं विमान पडलं नाही. त्यात त्या लाल कपड्यांचा वाटा फार मोठा आहे असं मी मानते.

तरी १५०० तासांच्या नियमाबद्दल माझ्या मनात खुटखुट आहे. त्या रात्री कॉकपिटमध्ये बसलेल्या दोघांनीही १५०० तासांहून जास्त उड्डाण केलेलं होतं. त्यांच्याकडे कमी होती ती झोप. आणि मुक्कामाचा प्रश्न कायद्यानं सोडवला नाही. घरापासून तळापर्यंतच्या या प्रवासाचा अभ्यास करून घेतला गेला, त्यावर बंधन काही आलं नाही. मालवाहू विमानांना विश्रांतीचे नवे नियम लागूच झाले नाहीत, जणू रात्रभर खोकी वाहून नेणारा वैमानिक वेगळ्या मातीचा असतो. आणि प्रवासी विमानाच्या वैमानिकानं प्रत्येक उड्डाणाआधी ‘मी कामासाठी तंदुरुस्त आहे’ हे स्वतः नोंदवायचं. नियम म्हणून चांगलाच आहे. पण ज्याच्याकडे हॉटेलचे पैसे नाहीत तो काय नोंदवेल?

पगार वाढले ते पुढे, २०२२ मध्ये. कोविडनंतर वैमानिक मिळेनासे झाले, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या प्रादेशिक कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाला ताशी ९० डॉलर द्यायला सुरुवात केली. तेरा वर्षांपूर्वी हेच पैसे कुठून आणायचे असा प्रश्न होता. तोवर कोलगन एअर बंद होऊनही दहा वर्षं होत आली होती.

२२ मे २०१० ला मंगळूरला दुबईहून आलेलं विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १५८ माणसं गेली. तेव्हा आण्णांनी फोनवर काही विचारलं नाही, कारण त्या वेळी ते दवाखान्यात होते. अहवाल आला तेव्हा मीच त्यांना सांगितलं: आण्णा, टेपवर कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज आहे. प्रवासातला बराच वेळ तो झोपलेला होता, पहाटे सहाच्या सुमारास उतरताना नुकताच जागा झालेला. सहवैमानिक तीनदा म्हणाला की पुन्हा वर घेऊ या. आण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “झोपेतून उठल्या उठल्या मी कधी गाडीला हात लावला न्हाई. आधी तोंड धुवायचं, गाडीभोवती एक चक्कर मारायची, चाकांवर लाथ मारून बघायची. तवर माणूस जागा होतो.” अहवालात झोपेतून उठल्यावरच्या या सुस्तीला शास्त्रीय नाव दिलेलं आहे. आण्णांकडे नाव नव्हतं, चक्कर होती.

डिसेंबर २०२५ मध्ये मी साताऱ्यात होते. आण्णा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे. नागपूरला भाचीचं लग्न, म्हणून त्यांना घेऊन पुण्याला विमानतळावर गेले. त्या आठवड्यात देशभर काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. इंडिगोच्या हजारो फेऱ्या रद्द झाल्या, ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले आणि पुरेसे वैमानिकच नव्हते. नियम काही अचानक आले नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले, पुढे ढकलले गेले, दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेलं, मग जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांऐवजी ४८ तास. रात्र धरायची ती पहाटे सहापर्यंत. रात्रीच्या ड्यूटीत सहाऐवजी दोनच वेळा विमान उतरवायचं.

विमानतळावर पाय ठेवायला जागा नव्हती. लहान मुलं जमिनीवर झोपली होती, एक बाई औषधं बॅगेत गेली म्हणून रडत होती. आमच्या पुढं उभा असलेला एक तरुण मोठमोठ्यानं फोनवर सांगत होता, “पायलट लोकांना आराम पाहिजे म्हणून आम्ही इथं मरायचं!” आजूबाजूच्या दोघांनी मान डोलावली. त्याचा राग मला कळत होता, त्याचं काहीतरी महत्त्वाचं बुडत होतं. आण्णा व्हीलचेअरमध्ये बसून ऐकत होते. मला जवळ बोलावून म्हणाले, “म्हंजे आता त्यांना झोपायला मिळणार?”

मी फोनवर बघून सांगितलं की नाही आण्णा, सरकारनं रात्रीच्या नियमात फेब्रुवारीपर्यंत सूट दिली. फेऱ्या परत सुरू व्हाव्यात म्हणून.

त्यांनी शालीचं टोक मांडीवर दोनदा घडी घातलं आणि म्हणाले, “चल, घरी जाऊ.”

स्वारगेटहून साताऱ्याची गाडी मिळाली. मी सामान चढवेपर्यंत आण्णा काठी टेकत पुढच्या बाजूला गेले होते. ड्रायव्हर तंबाखू मळत उभा होता, तिशीतला मुलगा.

“काल मुक्काम कुठं होता?” आण्णांनी विचारलं.

त्यानं क्षणभर त्यांच्याकडं बघितलं आणि ओळखलं, हा आपल्यातलाच. “बाहेरगावी होतो, काका. डास लई. दोनला कुठं डोळा लागला, पाचला उठलो.”

मला वाटलं आण्णा आता दुसऱ्या गाडीनं जाऊ म्हणतील. त्यांनी तसं काही केलं नाही. ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट धरली आणि गाडी सुटली तसं त्याच्याशी बोलायला लागले. गाव कुठलं, मुलं किती, कुठल्या रूटवर होता, आता घाटात गियर कसा पडतो. एरवी दुपारी दोनला मान टाकणारे आण्णा शिरवळ गेलं तरी बोलत होते, आणि खंबाटकीचा घाट सुरू झाला तेव्हा दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून, त्याच्या खांद्याकडं वाकून बसले होते.